कठड्यापाशी सिंगल बेल

काळेवाडी,
मंगळवार, दुपार

प्रिय फारूक,

टिण्! दोरी ओढली की तुझ्या डोक्यावरची ती घंटा एकदाच वाजायची. तू मागे न बघता डावा हात जरासा वर करायचास, म्हणजे ‘ऐकलं रे’, आणि मग ब्रेकचा तो लांब सुस्कारा, म्हातारा बैल गोठ्यात बसताना टाकतो तसा. सिंगल बेल म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. तू ड्रायव्हर, मी कंडक्टर. आपली अकरा वर्षं या दोन आवाजांवर गेली. आता दोऱ्या गेल्या, घंट्या गेल्या. दारं आपोआप उघडतात आणि एक न दिसणारी बाई थांब्यांची नावं सांगते, तीही पुढचा थांबा मागे आणि मागचा पुढे करून. पण गेले चार दिवस माझ्या कानात ती एकच घंटा वाजते आहे. बसलो की वाजते. उठून गॅलरीत जातो, खालची गर्दी बघतो, पाणी पितो, परत येऊन बसतो की पुन्हा टिण्. हे पत्र तीनदा लिहायला घेऊन फाडलं. अक्षर वेडंवाकडं आलं तर हसू नकोस. शाळेत हसलास तेवढं पुरे.

एकोणतीस वर्षांनी तुला ‘प्रिय’ लिहिलं. लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत बसलो. अजून खोटा वाटत नाही रे.

घरची खबर आधी देतो. कुसुमला जाऊन सहा वर्षं झाली. तू घाटावर आला होतास, सगळ्यांच्या मागे उभा राहून गेलास, हे मला तेराव्याला कळलं. मी इथे काळेवाडीत मुलाकडे असतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती माझ्यासारखीच. लहर आली तर चालते. मुलगा आणि सून दिवसभर कामावर. मी पुस्तकं चाळतो. रद्दीवाल्याकडून सातवीचं जुनं मराठीचं पुस्तक मिळवलंय, आपल्या वेळचंच. आपले गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे आणि सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, आठवतं? सगळ्यात चढा सूर तुझा. माझ्या तोंडी फक्त शब्द, चाल तुझी. पुढे बसमध्येही तेच झालं. थांब्यांची नावं मी कवितेच्या चालीत ओरडायचो आणि तू स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरायचास.

भोसरी सरली, मोशी आली,
चिंबळीची चढण झाली,
कुरुळीला वारा प्याली
आमची गाडी चाकणची!

पॅसेंजर हसायचे. एक हवालदार रोज म्हणायचा, ‘अहो कविराज, तिकीट द्या आधी, गाणं मागनं.’

तर बातमी अशी की या वयात मला नोकरी लागली. तीन दिवसांची का होईना. शहरातले बसचे सगळे मार्ग नव्याने आखायचे चाललेत. कुठली गाडी रिकामी पळते, कुठली बंद करायची, कुठे नवी सोडायची, हे सांगायला एक सल्लागार कंपनी नेमलीय. त्यांची प्राजक्ता नावाची मुलगी आमच्या पेन्शनरांच्या बैठकीला आली. हुशार, बोलायला गोड, पायात बूट आणि खांद्यावर ही एवढी सॅक. म्हणाली, ‘हे रस्ते ज्यांना डोळे मिटून पाठ आहेत, असं कोणीतरी मला हवंय.’ डोळे मिटून म्हटल्याबरोबर सगळे माझ्याकडे वळले. बैठकीत मीच झोपलेलो असतो ना! तिने माझ्या हातात एक तक्ता दिला, गळ्यात ओळखपत्र अडकवलं. गाडीत बसायचं, प्रत्येक थांब्यावर किती चढले, किती उतरले ते लिहायचं. ‘काका, कुठली गाडी घेता?’ मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, चाकणची पहिली. पहाटे पावणेसहाची. आपली.

तीन दिवस गेलो. शाळेच्या पहिल्या दिवशी जातात तसा गेलो, नटूनथटून. मुलाच्या लग्नात शिवलेला राखाडी सफारी कपाटातून काढला, इस्त्री केली, मफलर बांधला, तक्ता काखेत मारला. ड्रायव्हर समाधान नावाचा, कंडक्टर दिव्या म्हणून मुलगी. मी चढताच दोघं ताठ झाली. ‘बसा साहेब, बसा,’ म्हणत दिव्याने रुमालाने सीट पुसून दिली. मी मनात म्हटलं, काय संस्कार आहेत बघ, म्हाताऱ्याचा केवढा मान! तीनही दिवस गाडी अगदी नियमाने चालली. पाटी असेल तिथे थांबली, पाटी नाही तिथे वाऱ्यासारखी गेली. मोशी सोडल्यावर मी खिडकीला नाक लावून बसायचो. आपल्या वेळचं ज्वारीचं रान आता कुठे नाही, पंधरा-पंधरा मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. मला कविता सुचत होती, फारूक. अंधारात एके ठिकाणी हेडलाइटमध्ये बायकांची एक ओळ दिसली, दोघी-तिघींनी मोबाइलचे दिवे वर धरलेले. मला वाटलं, कंपनीच्या गाडीची वाट बघत असतील. दुसऱ्या दिवशीही दिसल्या, तिसऱ्याही. माझ्या तक्त्यात त्या जागेसाठी ओळच नव्हती. मी काही लिहिलं नाही. तीन दिवसांची सरासरी काढली, पावणेसहाच्या गाडीला प्रवासी सात. सही करून तक्ता देऊन टाकला.

चौथ्या दिवशी काम नव्हतं, पण सवय लागली होती. लेंगा-सदरा, डोक्याला टोपी, असाच जाऊन त्याच गाडीत मागच्या सीटवर बसलो. दिव्याने ओळखलंसुद्धा नाही. मोशी गेली आणि थोड्या वेळाने, पाटी नाही, शेड नाही, अशा जागी गाडी थांबली. दार उघडलं आणि बावीस बायका भांडत आत आल्या. त्यांत पुढे होती ती विजयश्री, लातूरकडची. चढता चढताच तिने दिव्याला धरलं. ‘काय गं दिव्या, तीन दिस आमाला वाळीत टाकलं व्हतं का? दिवे हलवून हलवून हात गळाले आमचे!’ दिव्या म्हणाली, ‘मावशी, हळू बोला. चेकिंगवाला म्हातारा बसलेला ना! सफारी घालून. तीन दिवस हललाच नाही मेला. तुम्हाला घेतलं असतं तर आम्ही दोघं घरी बसलो असतो.’ विजयश्री म्हणाली, ‘त्याच्या सफारीला लागो आग! माजे दोन खाडे झाले, तिसऱ्या दिशी रोडनं चालत गेले तर ट्रक असा घासून गेला बगा.’ सगळ्या मिळून त्या सफारीला शिव्या घालत होत्या आणि सफारीचा धनी त्यांच्या मागे टोपी पुढे ओढून बसला होता.

त्या ट्रकच्या नावाने मी खिडकीतून मागे बघितलं आणि मला तो कठडा दिसला. ओढ्याच्या जुन्या पुलाचा काळा दगडी कठडा. रस्ता रुंद झालाय, बाजूला दुसरा रस्ता आलाय, पण तेवढे दहा-बारा दगड कसे कोण जाणे राहून गेलेत. आपला कठडा, फारूक! मी सीटवर वाकून विजयश्रीला विचारलं, बाई, या जागेला काय म्हणता तुम्ही? ती म्हणाली, ‘भाभीचा कठडा.’ कोण भाभी? ‘काय ठावं आजोबा. आदीच्या बाया म्हणायच्या, म्हणून आमी म्हणतो.’ तुला हे माहीत नसणार. कनीजभाभींनाही नसणार. खात्याच्या कुठल्याही नकाशात नसलेल्या थांब्याला तुझ्या बायकोचं नाव आहे.

त्यांना मी काय सांगणार होतो? की आधी तिथे गाडी थांबत नव्हती; चाकणच्या माळावर नुकत्या कंपन्या येत होत्या, आणि वस्तीवरच्या बायका मोशीच्या थांब्यापर्यंत दीड किलोमीटर अंधारात हायवेच्या कडेने चालायच्या. त्यात सुमनताईंना ट्रकने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, पोरं शेजाऱ्यांच्या घरी. दुसऱ्या दिवशी गाडी कठड्यापाशी आली आणि मी दोरी ओढली. टिण्. तू आरशातून माझ्याकडे बघितलंस. इथे थांबा नाही, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ब्रेक लागला. मग रोजचंच झालं. तुझं घर त्याच वस्तीवर, भाभी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायच्या. बॅटरी फक्त त्यांच्याकडे, म्हणून त्या पुढे उभ्या राहून बॅटरी हलवायच्या आणि मागे बाकीच्या. दीड वर्ष चाललं ते. पुढचं तुला माहीत आहे.

मधेच उठलो होतो. दूध उतू गेलं. ओटा पुसला, घड्याळात बघितलं, साडेतीन. परवा गुरुवारी पाच वाजता मुदत संपते.

कसली मुदत, ते सांगायचं राहिलं. प्राजक्ताने अहवालाचा मसुदा दाखवला. ‘पावणेसहाची फेरी, प्रवासी सात, एक तारखेपासून बंद करावी.’ खाली माझ्या तक्त्याचा हवाला. मी तिथल्या तिथे सगळं सांगितलं, माझ्या सफारीसकट. ती आधी हसली, मग मसुदा पुन्हा वाचू लागली. मी म्हटलं, पुन्हा मोजू या. ती म्हणाली, ‘काका, मोजणी संपली. पुढची सहा महिन्यांनी, तोवर फेरी गेलेली असेल.’ बायकांनी बावीस सह्या-अंगठ्यांचा अर्ज खात्यात दिला. तिथे सांगितलं, ही नव्या थांब्याची मागणी झाली, ते टेबल वेगळं. प्राजक्ता माझ्यासाठी खरंच तळमळली रे. म्हणाली, ‘मला कागदाबाहेरचं एक अक्षर लिहिता येत नाही. तिथे गाडी थांबत होती आणि माणसं चढत होती असा एक कागद आणा, जुना चालेल, पण खात्याचा हवा. तो जोडते आणि या फेरीसाठी भांडते.’ मग मी दिव्याला गाठलं, तिच्या रोजच्या नोंदी मिळतील का म्हणून. तो सफारीवाला मीच, हे कळल्यावर तिने आधी कपाळाला हात लावला. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘काका, सही नका मागू. थांबा नाही तिथे गाडी उभी करतो असं मीच लिहून देऊ? माझ्या आणि समाधानभाऊंच्या पोटावर पाय येईल. तुम्हाला नाही कळायचं.’

मला नाही कळायचं! फारूक, हे वाक्य घेऊन मी पिंपरीपासून घरापर्यंत चालत आलो.

चालता चालता आठवलं. असा एक कागद आहे. त्या कठड्याचा साऱ्या खात्यात एकच पुरावा आहे आणि तो तुझ्याकडे आहे. तपासणी पथकाने जीप आडोशाला लावून आपल्याला धरलं, त्याचं आरोपपत्र. त्यात तारीख आहे, जागा आहे, ‘ओढ्याच्या कठड्याजवळ अनधिकृत ठिकाणी बस उभी करून एकोणीस प्रवासी घेतले’ असं खात्याच्याच माणसांनी मोजून लिहिलेलं आहे. तुझ्यावर जो डाग म्हणून लावला, तोच आज बावीस बायकांचा दाखला आहे. रविवारी सोहेलच्या गॅरेजचा नंबर शोधून फोन केला. विचारलं, अब्बा जुने कागद ठेवतात का रे, ते खात्याचं प्रकरण वगैरे? हसला. ‘चाचा, अब्बा बसचं जुनं तिकीटसुद्धा टाकत नाहीत. देऊ का फोन? इथेच बसलेत.’ मी घाईघाईने नको नको म्हटलं. पत्र लिहितो म्हटलं आणि ठेवून दिला. पोस्टाने हे वेळेत पोचणार नाही. उद्या सकाळी मीच देहूरोडला येईन, तुझ्या हातात देईन आणि तू वाचेपर्यंत दाराबाहेर उभा राहीन. तोंडाने मला सांगता येणार नाही म्हणून हे सगळं लिहिणं.

सांगायचं ते हे. त्या आरोपपत्राला माझा जबाब जोडलेला आहे. साहेबांनी विचारलं, तुम्ही घंटा दिली होती का? त्याच टेबलावर, त्यांच्या कोपरापाशी, माझ्या बढतीची फाइल होती. वाहतूक नियंत्रक. मी लिहून दिलं, ‘मी घंटा दिलेली नव्हती. चालकाने स्वतःच्या मर्जीने गाडी थांबवली. त्या ठिकाणी त्याची पत्नी उभी होती.’ शेवटचं वाक्य तर मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. तुला अकरा महिने स्टिअरिंगवरून उतरवून गाड्या धुवायला लावलं. ‘बायकोचा ड्रायव्हर’ हे नाव तुला डेपोतल्या पोरासोरांनी लावलं, मी केबिनमध्ये पंख्याखाली बसून ते ऐकलं आणि वेळापत्रकावर मान घालून राहिलो. कुसुमने किती वेळा सांगितलं, जा, पाय धरा. मी म्हणायचो, जाईन. आता तो कागद नुसता जोडला तर वाचणारे म्हणतील, ही तर ड्रायव्हरने बायकोसाठी उभी केलेली गाडी, हा कसला थांबा? म्हणून मी दुसरा जबाब लिहिला आहे, आज सकाळी, नोटरीच्या शिक्क्यासकट. ‘घंटा मी दिली. पहिल्या दिवशी मी दिली आणि पुढे दीड वर्ष रोज मीच दिली. सुमनताईंचा पाय मोडला म्हणून दिली. चालकाने फक्त घंटेचा मान ठेवला. आधीचा माझा जबाब खोटा आहे.’ ही प्रत तुझ्यासाठी. तुझा कागद मिळाला तर दोन्ही एकत्र जोडून देईन. नाही दिलास तरी माझा जबाब एकटा जाईल, मग त्याचा उपयोग होवो न होवो. माफी मागायला जीभ

दार वाजलं. अर्ध्यावर उठलो होतो.

फारूक, दारात कनीजभाभी आहेत. तीन मजले चढून आल्यात, लिफ्ट आजही बंदच. चौकटीला हात टेकून धापा टाकतायत आणि माझ्याकडे बघतायत. केस सगळे पांढरे झाले त्यांचे. म्हणाल्या, ‘भाऊ, सोहेल म्हणाला तुम्ही खात्याचे कागद विचारत होता. दोन दिवस शोधले, गहू भरायच्या पिंपाखाली निघाले. तुमचा पत्ता डेपोतून काढला.’ प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार पानं काढून दिली. तिसरं पान तुझ्या अक्षरात. ते मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. ‘घंटा झाली होती की नाही ते आठवत नाही. गाडी मी थांबवली.’ एवढंच, आणि खाली सही. तुला आठवत नाही? सातवीतली एक एक कविता चालीसकट पाठ असलेल्या माणसाला?

मी म्हटलं, भाभी, आत या, बसा, पाणी देतो. त्या म्हणतायत, ‘बसायला सवड कुठली, खाली गाडी रस्त्यातच उभी आहे, मागचे लोक ओरडतायत. सोहेल बाजूला घ्या म्हणतोय, हे ऐकत नाहीत. गुडघ्यांनी जिना चढता येत नाही, पण स्टिअरिंग सोडायला तयार नाहीत. तुम्हीच चला खाली. म्हणतात, रंग्या कंडक्टर येऊन डबल बेल देत नाही तोवर गाडी हलवणार नाही.’

हॉर्न वाजतोय. वाजव, वाजव. हे पत्र असंच अर्धं हातात घेऊन उतरतो आहे.

तुझाच,
रंगराव